फिश टँकमधले मासे एकमेकांच्या जिवावर का उठतात? उत्तर शोधणाऱ्या कॉनराड लॉरेन्झची गोष्ट

छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोत, गारखेड्यात किंवा बीड बायपासच्या एखाद्या फ्लॅटमध्ये गेलात तर टीव्हीशेजारी फिश टँक दिसण्याची शक्यता भरपूर आहे. आणि त्या टँकमध्ये एंजल असण्याची शक्यताही तेवढीच. चपटं त्रिकोणी अंग, वर-खाली लांब पंख, अंगावर काळे उभे पट्टे आणि चाल एकदम राजेशाही.

दुकानातून आणताना साधारण चार-पाच पिल्लं आणली जातात, रुपयाच्या नाण्याएवढी. सहा-आठ महिने सगळं गुण्यागोविंदानं चालतं. मग एक दिवस सकाळी बघावं तर दोन एंजलनी मिळून अर्धा टँक ताब्यात घेतलेला असतो आणि बाकीचे हीटरमागे, कोपऱ्यात, फाटक्या पंखांनी जीव मुठीत धरून बसलेले असतात. दोन-तीन दिवसांत त्यातला एखादा पाण्यावर तरंगायला लागतो.

पहिला संशय जातो पाण्यावर. शहरात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, कधी बोअरचं टाकावं लागतं, कधी टँकरचं. त्यामुळे पाणी बाधलं असं वाटणं साहजिक आहे. पण अनेकदा पाणी निर्दोष असतं. एंजलची जोडी जमलेली असते, तिला अंडी घालायला जागा हवी असते आणि त्या जागेत दुसरा एंजल चालत नसतो. गंमत म्हणजे त्याच टँकमधला तळ साफ करणारा कोरिडोरास समोरून गेला तरी बऱ्याचदा त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. सगळा राग आपल्याच जातीवर.

आपल्याच जातीवर का? हा प्रश्न ज्यानं आयुष्यभर धरून ठेवला त्याचं नाव कॉनराड लॉरेन्झ. ऑस्ट्रियाचा डॉक्टर, मग प्राणिशास्त्रज्ञ, १९७३ चा नोबेल विजेता. शाळेच्या पुस्तकात तो भेटतो ते त्याच्यामागे रांगेनं चालणाऱ्या हंसांच्या पिल्लांमुळे. पण त्याच्या सगळ्यात गाजलेल्या आणि सगळ्यात वादग्रस्त पुस्तकाची सुरुवात होते माशांपासून. आणि त्याच्या आयुष्यात एक असं प्रकरण आहे की ज्याच्यामुळे आजही त्याचं नाव घेताना लोक जरा अडखळतात.

डॉक्टरांचा मुलगा आणि सॅलॅमँडरची पिल्लं

कॉनराडचा जन्म ७ नोव्हेंबर १९०३ चा, व्हिएन्नाचा. वडील ॲडॉल्फ लॉरेन्झ हे हाडांचे जगप्रसिद्ध डॉक्टर. त्यांची प्रसिद्धी कशामुळे, तर त्या काळी ऑपरेशन थिएटरमध्ये जंतुनाशक म्हणून जे कार्बोलिक ॲसिड वापरायचे त्याची त्यांच्या त्वचेला ॲलर्जी होती. चिरफाड जमेना, म्हणून त्यांनी चिरफाड न करता जन्मतः निखळलेलं खुब्याचं हाड जागेवर बसवायची पद्धत बसवली. १९०२ मध्ये शिकागोच्या एका मांस उद्योगपतीनं आपल्या मुलीच्या उपचारासाठी त्यांना थेट अमेरिकेत बोलावून घेतलं होतं. म्हणजे घरात पैसा होता, नाव होतं आणि डॅन्यूब नदीकाठी आल्टेनबर्ग गावात मोठं घर होतं. भोवती जंगल, नदीचे फाटे, डबकी. प्राणी पाळायचं वेड असलेल्या पोराला याहून जास्त काय पाहिजे?

रेझी नावाची आया त्याला सांभाळायची. प्राणी वाढवायचा तिचा हात चांगला होता. एकदा वडिलांनी जंगलातून ठिपक्यांचा सॅलॅमँडर आणला. पाच दिवसांनी सोडून द्यायचा, या अटीवर. त्या मादीनं ४४ पिल्लं घातली आणि रेझीनं त्यातली १२ मोठी करून दाखवली. पुढे शेजाऱ्यांकडून एक दिवसाचं बदकाचं पिल्लू मिळालं तर ते कॉनराडलाच आई समजून मागे फिरायला लागलं. नोबेल ज्या कामासाठी मिळालं त्याची ही पहिली झलक, फक्त तेव्हा त्याला ते माहीत नव्हतं. तेव्हा त्याला स्वतःलाच रानहंस व्हायचं होतं आणि ते जमणार नाही हे कळल्यावर निदान एक पाळायचा होता.

शाळा मात्र व्हिएन्नाची, ख्रिस्ती साधूंची. पण तिथले एक साधू मास्तर पोरांना डार्विनचा सिद्धांत शिकवायचे. धर्मसंस्थेच्या शाळेत १९१० च्या दशकात उत्क्रांती शिकवली जात होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

याच शाळेच्या वयात कॉनराडला एक दोस्त मिळाला. बर्नहार्ड हेलमान. त्यालाही पाण्यातल्या जीवांचं तेवढंच वेड. दोघं मिळून डबक्यातून सूक्ष्म कवचधारी जीव पकडायचे, वाढवायचे, त्यांची वर्गवारी करायचे.

सतरा वर्षांच्या पोरानं लावलेला आरसा

या दोघांकडे जिओफॅगस नावाचा ब्राझीलचा मासा होता. हासुद्धा सिक्लिड घराण्यातला. हे घराणं मोठं आहे. एंजल त्यातलाच, डिस्कस त्यातलाच, वास्तूला चांगला म्हणून हजारो रुपये मोजून आणला जाणारा डोक्यावर टेंगूळवाला फ्लॉवरहॉर्न म्हणजे याच घराण्यातला संकर, उजनीच्या जाळ्यात ढिगानं येणारा चिलापीही यातलाच आणि गोव्यात चवीनं खाल्लं जाणारं काळुंदरही यातलंच. अंड्यांची आणि पिल्लांची राखण करणं हा या घराण्याचा गुण आणि त्या राखणीपायी भांडणं हा त्याचा दुसरा गुण.

तर या दोघांना दिसलं असं की, जिओफॅगसचा नर बरेच दिवस एकटा ठेवला तर तो इतका तापट होतो की त्याच्या जातीचं जे समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो. नर असो, मादी असो. वीण काढायची म्हणून मादी सोडावी तर तीही मरते. मग वीण निघणार कशी?

बर्नहार्डनं त्या नरासमोर आरसा धरला. माशाला वाटलं प्रतिस्पर्धी आला. त्यानं पंख फुलवले, शेपटी हाणली, काचेला धडका दिल्या. दमेपर्यंत भांडला. त्यानंतर लगेच मादी सोडली आणि तोच नर तिला मारायच्या ऐवजी तिच्याभोवती नाचायला लागला.

तेव्हा बर्नहार्ड १७ वर्षांचा होता. भांडायची ऊर्मी आत साचत जाते आणि ती खर्ची पडू शकते, हा त्यातून निघालेला निष्कर्ष. पुढे लॉरेन्झनी यावर अख्खा सिद्धांत उभा केला आणि नोबेल मिळाल्यावर लिहिलेल्या आत्मवृत्तात हे श्रेय मित्राला दिलं. आज आपल्याकडे फ्लॉवरहॉर्न पाळणारे त्याचा रंग खुलावा, टेंगूळ वाढावं म्हणून टँकला आरसा लावतात. शंभर वर्षांपूर्वी व्हिएन्नातल्या दोन पोरांनी हा उद्योग करून ठेवलाय हे त्यांच्या गावीही नसतं. आरशाचा हा प्रयोग खरंच शांत करतो की उलट भडकवतो, हा मुद्दा पुढे येतोच.

डॉक्टरकी सुटली, कावळे लागले

वडिलांची इच्छा म्हणून कॉनराड मेडिकलला गेला. मध्ये १९२२ ला एक सत्र न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात काढलं, पण मन रमलं नाही आणि परत व्हिएन्ना. १९२७ मध्ये बालमैत्रीण मार्गारेटशी लग्न, १९२८ मध्ये डॉक्टरकीची पदवी, १९३३ मध्ये प्राणिशास्त्राची डॉक्टरेट. शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होखस्टेटर यांच्याकडे त्याला एक गोष्ट शिकायला मिळाली. वेगवेगळ्या प्राण्यांची हाडं शेजारी ठेवून त्यांचं नातं शोधतात तशीच त्यांची वागणूकही शेजारी ठेवून बघता येते. बदक मान कशी हलवतं, मासा पंख कसे ताणतो, हीसुद्धा हाडांसारखीच वारशानं येणारी गोष्ट.

त्याचा पहिला शोधनिबंध आला १९२७ मध्ये, जॅकडॉ या छोट्या कावळ्यांवर. छापला जर्मनीतल्या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात. त्याचे संपादक एर्विन स्ट्रेझमान. दोनच वर्षांनी, म्हणजे १९२९ मध्ये, याच स्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकायला मुंबईहून एक तरुण बर्लिनला पोहोचला. त्याचं नाव सलीम अली. जग किती छोटं असतं बघा. आणि लॉरेन्झ ज्यांना गुरू मानायचे ते ऑस्कर हाइनरॉथ बर्लिनच्या सार्वजनिक मत्स्यालयाचे प्रमुख होते.

१९३५ मध्ये लॉरेन्झनी अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू पहिल्यांदा दिसणाऱ्या हलत्या वस्तूलाच आई मानतं या गोष्टीवर मोठा निबंध लिहिला आणि नाव झालं. पुढच्याच वर्षी हॉलंडच्या लायडनमध्ये त्यांना निको टिनबर्गन भेटले. टिनबर्गनचा प्राणी म्हणजे स्टिकलबॅक, बोटाएवढा मासा. विणीच्या काळात नराचं पोट लाल होतं आणि लाल दिसलं की दुसरा नर खवळतो. असं सांगतात की प्रयोगशाळेच्या खिडकीसमोरून टपालखात्याची लाल गाडी गेली की टँकमधले सगळे नर त्या दिशेला झेपावायचे. १९३७ मध्ये टिनबर्गन काही महिने आल्टेनबर्गला येऊन राहिले. लॉरेन्झ निरीक्षणाचे बादशहा, टिनबर्गन प्रयोगाचे. जोडी जमली.

मग आलं १९३८

मार्च १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला. त्यानंतर काही महिन्यांतच लॉरेन्झनी नाझी पक्षाच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला आणि ते सदस्य झाले. कुणी बंदूक लावली म्हणून नाही. स्वतःहून.

एवढ्यावर थांबले असते तर पोटासाठी केलं असं म्हणता आलं असतं. पण १९४० मध्ये त्यांनी एक निबंध लिहिला. पाळीव जनावरं रानटी जनावरांच्या तुलनेत सुस्त आणि बेढब होतात, तसाच शहरात राहून माणूसही बिघडतो, आणि असे बिघडलेले लोक समाजातून वेगळे काढले पाहिजेत, असा त्याचा सूर होता. नाझी राजवट नेमकं हेच करत होती, तेही गॅस चेंबरच्या दिशेनं. त्याच वर्षी त्यांना क्योनिग्सबर्गला, तत्त्वज्ञ कांट जिथे शिकवायचे त्या विद्यापीठात, मानसशास्त्राची खुर्ची मिळाली. १९४१ मध्ये सैन्यात बोलावणं आलं. १९४२ मध्ये जर्मनव्याप्त पोलंडमधल्या पोझनानला, जर्मन-पोलिश मिश्र वंशाच्या लोकांची वांशिक तपासणी करणाऱ्या एका अभ्यासातही त्यांचा सहभाग होता.

आणि त्याच काळात बर्नहार्ड हेलमान कुठे होता? बर्नहार्ड ज्यू होता. व्हिएन्ना सोडून तो हॉलंडला गेला होता. जर्मनांनी हॉलंडही घेतलं. १९४३ मध्ये त्याला सोबिबोरच्या मृत्युछावणीत पाठवण्यात आलं आणि तिथे तो मारला गेला. माशासमोर आरसा धरणारा तो पोरगा.

दुसरीकडे टिनबर्गन लायडन विद्यापीठातून ज्यू प्राध्यापकांना काढल्याच्या निषेधात उभे राहिले. १९४२ ते १९४४ अशी दोन वर्षं जर्मनांनी त्यांना ओलीस ठेवलं.

लॉरेन्झ यांनी पुढे काय सांगितलं? नोबेलच्या आत्मवृत्तात त्यांनी लिहिलं की, आपलं म्हणणं सत्ताधाऱ्यांना कळावं म्हणून नाझींची सगळ्यात वाईट भाषा वापरली, त्याचा खेद वाटतो आणि निवड या शब्दाचा अर्थ खून असा असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. पक्षाच्या सदस्यत्वाबद्दल मात्र ते बराच काळ टाळाटाळ करत राहिले. कागदपत्रं सापडत गेली तशी ही टाळाटाळ उघडी पडली. खेद व्यक्त केला तो भाषेबद्दल. भाषा हा त्यातला सगळ्यात छोटा भाग होता, असं त्यांच्या टीकाकारांचं म्हणणं आहे आणि ते पटण्यासारखं आहे.

सिमेंटच्या पिशव्यांवरचं हस्तलिखित

१९४४ मध्ये त्यांना डॉक्टर म्हणून रशियन आघाडीवर पाठवलं आणि व्हिटेब्स्कजवळ ते रशियन सैन्याच्या हाती लागले. पुढची जवळपास चार वर्षं युद्धकैदी. यातला बराच काळ आर्मेनियात. तिथे सिमेंटच्या पिशव्यांच्या कागदावर त्यांनी एक जाडजूड हस्तलिखित लिहून काढलं. १९४८ च्या फेब्रुवारीत घरी परतले तेव्हा हातात ते हस्तलिखित होतं आणि सोबत छावणीत माणसाळवलेला एक पक्षी.

नोकरी नव्हती. मग १९४९ मध्ये सामान्य वाचकांसाठी एक पुस्तक लिहिलं, इंग्रजीत ते किंग सॉलोमन्स रिंग या नावानं आलं. फिश टँक ठेवणाऱ्या प्रत्येकानं एकदा वाचावं असं ते पुस्तक आहे. त्यातला एक प्रसंग भन्नाट आहे. ज्वेल फिश हाही सिक्लिड. संध्याकाळ झाली की बाप इकडेतिकडे भरकटलेली पिल्लं तोंडात घेऊन घरट्यात आणून सोडतो. एकदा अशाच वेळी लॉरेन्झनी टँकमध्ये गांडुळाचे तुकडे टाकले. बापानं तुकडा तोंडात घेतला आणि चावणार तेवढ्यात त्याला एक भरकटलेलं पिल्लू दिसलं. त्यानं तेही तोंडात घेतलं. आता एकाच तोंडात दोन गोष्टी. एक पोटात जायला पाहिजे, दुसरी घरट्यात. मासा जागच्या जागी थिजला. मग त्यानं दोन्ही थुंकलं, पिल्लावर डोळा ठेवून गांडूळ सावकाश खाल्लं आणि पुन्हा पिल्लू उचलून आईकडे नेऊन दिलं. बघणाऱ्या विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या.

माशाला डोकं असतं का, या वादात हा प्रसंग आजही सांगितला जातो.

१९५० नंतर जर्मनीच्या माक्स प्लांक संस्थेनं त्यांना जागा दिली आणि त्या दशकाच्या शेवटी बव्हेरियात झीविझन इथे तळ्याकाठी संशोधन संस्था उभी राहिली. आवारात हंस आणि आत टँकच टँक.

एकाच जातीचा एकच

१९६३ मध्ये आलं त्यांचं आक्रमकतेवरचं पुस्तक. तीन वर्षांनी इंग्रजीत ऑन ॲग्रेशन. सुरुवातीलाच फ्लोरिडाच्या समुद्रातले प्रवाळमासे आणि मग थेट टँक. वेगवेगळ्या जातीचे प्रवाळमासे एकत्र ठेवले तर किरकोळ कुरबुरी होतात, पण एकाच जातीचे दोन ठेवले की कुणीतरी मरेपर्यंत लढाई. शेवटी टँकमध्ये प्रत्येक जातीचा एकेकच उरतो.

याचं त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण सोपं आहे. एका गल्लीत दोन इस्त्रीवाले असले की तणातणी ठरलेली, पण इस्त्रीवाल्याशेजारी गिरणी असली तर कुणाला काही त्रास नाही, कारण गिऱ्हाईक वेगळं. माशांचंही तसंच. तेच खाणारा, तीच जागा लागणारा, तीच मादी हवी असलेला कोण? आपल्याच जातीचा. त्याला हाकललं की जात सगळीकडे विखुरते आणि सगळ्यांना पुरतं. म्हणजे ही भांडणं जातीच्या मुळावर येत नाहीत, उलट जात टिकवतात.

पण ही यंत्रणा मोकळ्या पाण्यासाठी बनलेली आहे. नदीत हरलेला मासा पळून जातो, पाठलाग करणारा चार हात जाऊन परत फिरतो, विषय संपतो. दोन फुटांच्या टँकमध्ये पळून जाणार कुठे? हरलेला सतत समोर दिसत राहतो आणि जिंकलेल्याला वाटतं हा अजून गेला कसा नाही. पाणचक्कीच्या हौदात मासे थव्यानं निवांत फिरताना दिसतात, पण त्या हौदाची लांबी-रुंदी बघा आणि मग हॉलमधला टँक बघा.

याच पुस्तकात सिक्लिड पाळणाऱ्यांसाठी एक निरीक्षण आहे, जे कुठल्याही दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा मोलाचं आहे. सगळे त्रास देणारे मासे काढून एकच जोडी टँकमध्ये ठेवली की शांतता होईल असं वाटतं. होतं उलटं. शेजारी नसला की नराचा राग मादीवर निघतो, कधीकधी तिचा जीव जाईपर्यंत. म्हणून लॉरेन्झ यांच्याकडे मोठ्या टँकच्या मध्ये पारदर्शक काच टाकून दोन बाजूंना दोन जोड्या ठेवत. दोन्ही नर काचेतून एकमेकांवर धावून जात, कुणालाच इजा होत नसे आणि दोन्ही संसार सुखाचे. कधी एखाद्या बाजूला नवरा बायकोशी खेकसून वागायला लागला, तर आधी काच बघायची. तिच्यावर शेवाळ चढलेलं असायचं. शेजारी दिसेनासा झालेला असायचा. काच पुसली की पुन्हा शेजाऱ्याशी जोरदार भांडण आणि घरात शांतता.

घरच्या एंजलसाठी यातून बरंच काही घेता येतं. दोन किंवा तीन एंजल ठेवणं सगळ्यात वाईट, कारण जोडी जमली की उरलेल्या एकट्यावर सगळा मार. त्यापेक्षा पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवली तर राग वाटला जातो, पण त्यासाठी साधारण दोनशे लिटरचा उंच टँक हवा. जोडी जमली की तिला वेगळी जागा द्यायची किंवा बाकीच्यांना हलवायचं. एंजल उंच असतो, त्यामुळे तळाशी चार दगड टाकून आडोसा होत नाही, वरपर्यंत जाणारी लाकडं आणि उभी झाडं लागतात, म्हणजे हरलेल्याला नजरेआड होता येतं. नवीन मासा सोडायचा असेल तर आधी टँकमधलं सामान उलटसुलट करून घ्यायचं. जुन्या माशाची हद्द पुसली जाते आणि सगळेच नव्यानं सुरुवात करतात. आणि मध्ये काच टाकलीच तर ती स्वच्छ ठेवायची.

राग बादलीसारखा असतो की चुलीसारखा?

लॉरेन्झ इथेच थांबले नाहीत. त्यांनी माशांवरून उडी मारली ती थेट माणसावर. आक्रमकता ही बादलीत थेंब थेंब साचणाऱ्या पाण्यासारखी आहे, ती कुठेतरी सांडणारच, म्हणून माणसानं ती खेळाच्या मैदानात वगैरे सांडून टाकावी, असं त्यांचं म्हणणं. शीतयुद्धाचा काळ, अणुबॉम्बची भीती, लोकांना हे पटलं. पुस्तक धडाधड खपलं.

शास्त्रज्ञांना मात्र ते तितकंसं पटलं नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल लेरमन यांनी १९५३ मध्येच लॉरेन्झ यांच्या जन्मजात प्रवृत्तीच्या कल्पनेवर सडकून टीका केली होती. ऑन ॲग्रेशन आल्यावर मानववंशशास्त्रज्ञ ॲशली माँटेग्यू यांनी १९६८ मध्ये विरोधातल्या लेखांचं अख्खं पुस्तक काढलं. शिकारी प्राणी स्वजातीला सहसा ठार मारत नाहीत हा लॉरेन्झ यांचा दावाही टिकला नाही. १९७० च्या दशकात जेन गुडाल यांच्या गोम्बेच्या जंगलात चिंपांझींच्या एका टोळीनं दुसरी टोळी पद्धतशीर संपवली.

आणि मासे? झीविझनलाच काम केलेल्या वॉल्टर हायलिगेनबर्ग यांनी आफ्रिकेतल्या एका सिक्लिडवर मोजून प्रयोग केले. प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यावरचा काळा पट्टा नुसता दाखवला तरी नराचे हल्ले वाढायचे आणि तो परिणाम नंतरही रेंगाळायचा. उलट प्रतिस्पर्धी दिसलाच नाही तर भांडायची तयारी हळूहळू उतरायची. म्हणजे राग बादलीसारखा साचत नाही, चुलीसारखा असतो. सरपण घातलं की पेटतो.

मग बर्नहार्डच्या आरशाचं काय? त्याचं निरीक्षण खोटं नव्हतं. दमलेला मासा त्या क्षणापुरता भांडायचा थांबतो. पण रोज आरसा दाखवून मासा शांत होईल ही अपेक्षा चुकीची. फ्लॉवरहॉर्नला आरसा लावून तो जास्त रागीट होतो, टेंगूळ फुलवतो, हे पाळणाऱ्यांनी स्वतःच बघितलेलं असतं. शेवाळ चढलेल्या काचेचं कोडंही या बाजूनं पूर्ण सुटत नाही, कारण तिथे शेजारी दिसेनासा झाल्यावर राग कमी व्हायच्या ऐवजी घरात वळायचा. जातीजातीत फरक आहे, मासा एकटा आहे की जोडीनं यानंही फरक पडतो. म्हणून आपल्या टँकपुरतं उत्तर आपल्या टँककडे बघूनच मिळतं. लॉरेन्झही तासन् तास काचेसमोर बसायचे.

नोबेल आणि नंतर

१९७३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. लॉरेन्झ, टिनबर्गन आणि मधमाश्यांची भाषा उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश. प्राण्यांच्या वागणुकीच्या अभ्यासाला मिळालेला हा मोठा मान होता. या तिघांना शेजारी उभं करून बघितलं तर विचित्र वाटतं. एक नाझी पक्षाचा माजी सदस्य, एक नाझींचा ओलीस, आणि तिसरे फ्रिश, ज्यांना आजीच्या ज्यू वंशामुळे नाझींनी नोकरीतून काढायचं ठरवलं होतं आणि मधमाश्यांच्या रोगावरचं त्यांचं संशोधन युद्धकाळात गरजेचं होतं म्हणून ते वाचले. युद्धानंतर टिनबर्गन सुरुवातीला लॉरेन्झना भेटायलाही तयार नव्हते. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये दोघांची पुन्हा भेट झाली आणि मैत्री जुळली, ती टिकली.

निवृत्तीनंतर लॉरेन्झ आल्टेनबर्गच्या घरी परतले आणि तिथे समुद्राच्या पाण्याचा भलामोठा टँक उभारून प्रवाळमासे बघत बसायला लागले. सत्तरी उलटलेला माणूस पुन्हा लहानपणीच्या घरात, काचेसमोर. ऐंशीच्या दशकात डॅन्यूबवर हाइनबुर्ग इथे धरण बांधून नदीकाठचं जंगल बुडवायचं ठरलं, तेव्हा १९८४ च्या डिसेंबरच्या थंडीत हजारो तरुणांनी त्या जंगलात तळ ठोकला. म्हातारे लॉरेन्झ त्या आंदोलनाचा चेहरा बनले. त्यांच्या नावानं निघालेल्या जनमागणीवर पुढच्या वर्षी साडेतीन लाखांहून जास्त ऑस्ट्रियन लोकांनी सह्या केल्या. धरण झालं नाही. १९९६ पासून तिथे राष्ट्रीय उद्यान आहे.

ते बघायला लॉरेन्झ राहिले नाहीत. २७ फेब्रुवारी १९८९ ला, वयाच्या ८५ व्या वर्षी ते गेले.

त्यानंतर २६ वर्षांनी, डिसेंबर २०१५ मध्ये, साल्झबुर्ग विद्यापीठानं १९८३ मध्ये त्यांना दिलेली मानद डॉक्टरेट काढून घेतली. कारण दिलं ते नाझी काळातल्या लिखाणाचं. ग्र्युनाऊच्या संशोधन केंद्रात मात्र त्यांनी माणसाळवलेल्या हंसांच्या कळपाचा अभ्यास आजही चालू आहे आणि केंद्राला नावही त्यांचंच आहे.